तिसऱ्या कोठीतली हवा

सोमवारी सकाळी सव्वाआठला लोडरवाल्यानं तिसऱ्या कोठीची कडी काढली, दार बाजूला सरकवलं, आणि वाफ ओसरल्यावर त्याला आधी गमबूट दिसले. मग कळलं, की बुटांत पाय आहेत.

साडेदहाला निरीक्षकबाई फाटकाशी उतरल्या. कारखान्यांत माणूस मेला की पोलिसांच्या पाठोपाठ त्यांचं खातं येतं. पोलीस येऊन, पंचनामा करून, 'अपघाती मृत्यू' लिहून गेलेही होते. मॅनेजर फाटकातच उभा होता.

"मॅडम, आमचा मुकादम गेला. बावीस वर्षं इथे काम केलेला माणूस. एकटाच आत शिरला, गुदमरला. काय करणार? वेळ आली की कोणाचं काही चालत नाही."

"आधी जागा दाखवा," बाई म्हणाल्या.

शहराचा ओला कचरा इथे येत असे आणि सहा आठवड्यांनी काळं, भुसभुशीत खत होऊन बाहेर पडत असे. काँक्रीटच्या पाच लांबलचक कोठ्या, प्रत्येकीत एक ट्रक सहज मावेल. खालच्या फरशीला भोकं, भोकांतून हवा सोडणारा पंखा. जाळ नाही, कोळसा नाही, तरी आतला ढीग हात भाजेल इतका तापलेला. ती ऊब जंतूंची. कचरा खाऊन वाढणारे आणि स्वतःच केलेल्या उष्णतेत सुखानं राहणारे जंतू. पण माणसासारखीच त्यांनाही हवा लागते. पंखा थांबला, तर ते कोठीतला प्राणवायू थोड्या वेळात पिऊन टाकतात. म्हणून नियम होता: आत जायच्या आधी तासभर पंखा चालू पाहिजे, दार सताड उघडं पाहिजे आणि दारात दुसरा माणूस उभा पाहिजे.

मुकादम या नियमांचा इतका पक्का होता, की लोक त्याला पाठीमागे 'पाठ्यपुस्तक' म्हणत.

लोडरवाला टायरला टेकून बसला होता. त्याच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच भरलेला होता.

"दार कसं होतं?" बाईंनी विचारलं.

"बंद."

"नुसतं ओढलेलं?"

त्यानं मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर म्हणाला, "घाबरलाय तो. दार आपोआप सरकतं कधीकधी. त्याला धड आठवत नाही."

"मी त्याला विचारतेय. तुम्ही जरा ऑफिसात थांबता का?"

मॅनेजर गेला. लोडरवाल्यानं ग्लास खाली ठेवला.

"कडी लावलेली होती, बाई. बाहेरून. मी स्वतःच्या हातानं काढली. दार आपोआप सरकेल, पण कडी आपोआप पडते होय?"

"मुकादम कुठे होते?"

"खूप आत. ढिगाच्या पायथ्याशी पालथे. हातात लहान फावडं."

"आणखी काही?"

"वास." त्यानं नाक चोळलं. "चांगल्या ढिगाला ओल्या मातीचा वास येतो. झोंबतो, पण स्वच्छ असतो. आज आतून आंबूस, कुबट वास आला. तळघरात काहीतरी सडल्यासारखा. हवा मिळाली नाही की ढीग असा आंबतो."

"म्हणजे पंखा बंद होता?"

"तेच तर कळत नाही. मी आलो तेव्हा पंखा घुमत होता."

पंख्यांचा जिम्मा वायरमनकडे. हा वायरमन मुकादमाचा जावई. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, आणि बोलताना नजर जमिनीवर.

"पंखा रविवारभर चालू होता, मॅडम. फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही विचारा, त्यानं घरघर ऐकलीय. पॅनेलवरचा हिरवा दिवा लागलेला होता. शिवाय मीटर आहे. शनिवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी मी प्रत्येक पंख्याचे युनिट लिहितो."

"बघू."

वही त्यानं मुकाट्यानं पुढे केली. पाच पंखे, पाच रकाने. बाई बोट ठेवून वाचत गेल्या.

"तिसऱ्याचे युनिट बाकीच्यांपेक्षा कमी आहेत."

"थोडे कमी आहेत. पण बंद असता तर फारच कमी असते ना? त्याला मी मध्यंतरी नवं बेअरिंग घातलंय, हलका चालतो."

"नवं बेअरिंग फक्त रविवारीच हलकं चालतं? बाकी आठवड्याचे युनिट तर सारखेच आहेत."

वायरमननं वही स्वतःकडे ओढून पुन्हा पाहिली. त्याच्या ते लक्षातच आलेलं नसावं.

"प्रवेशाच्या वहीत काल दुपारी अडीचची नोंद आहे," बाई म्हणाल्या. "आत जाणारा मुकादम. दारातला सोबती तुम्ही. सही तुमची आहे. म्हणजे तुम्ही दारात होता. मग कडी कोणी लावली?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी नव्हतो, मॅडम. देवाशपथ नव्हतो. आम्ही... मी महिन्याच्या सह्या आधीच करून ठेवतो. मामा ओरडायचे. 'एक दिवस ही सही तुझ्या गळ्यात पडेल,' म्हणायचे. काल त्यांनी मला फोन केला, 'दहा मिनिटं ये, दारात उभा राहा.' मी म्हटलं, रविवार आहे, पोरीला घेऊन बागेत आलोय. ते म्हणाले, 'राहू दे, पोरीला फिरव.'" त्यानं मनगटानं डोळे पुसले. "मी गेलो असतो तर त्यांना ओढून बाहेर काढलं असतं. दहा मिनिटांचं काम होतं."

"तुमचं आणि त्यांचं भांडण होतं म्हणे?"

"रोजच व्हायचं. सह्यांवरूनच."

बाईंनी त्याचं बोलणं लिहून घेतलं. मॅनेजरला मात्र दुपारपर्यंत सगळं उमगल्यासारखं वाटत होतं. "मॅडम, अपघात नसेल तर मग घरातलंच प्रकरण दिसतंय," तो हळूच म्हणाला. "पॅनेलची किल्ली जावयाकडे, सही जावयाची."

"आणि गॅसमीटर कोणाकडे?" बाईंनी विचारलं. "कोठीत हवा आहे की नाही ते सांगणारं यंत्र. मुकादमांच्या अंगावर नव्हतं."

मॅनेजरनं कपाट उघडलं. मीटर खोक्यात होतं. नवंकोरं. त्याची बॅटरी कधी चार्जच झाली नव्हती.

बाईंनी ते हातात घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. मागच्या वर्षी याच कारखान्याच्या तपासणीत त्यांनीच लिहिलं होतं: गॅसमीटर नाही. पंधरा दिवसांनी मॅनेजरनं मीटरचा फोटो पाठवला होता. टेबलावर फायलींचा ढीग होता. त्यांनी फोटो पाहिला, 'पूर्तता झाली' असं लिहिलं आणि सही केली. वापरतात का, हे पाहायला त्या आल्या नाहीत.

मघाशी सहीवरून त्यांनी वायरमनला जाब विचारला होता. तो आवाज त्यांना आता स्वतःच्याच कानात ऐकू येत होता.

त्यांनी तिथेच बसून वरिष्ठांना कळवलं, की या प्रकरणात माझीही चूक आहे, ती अहवालात येईल, हवं तर तपास दुसऱ्याकडे द्या. वरिष्ठ म्हणाले, "दुसरा कोण आहे? पूर्ण करा आणि सगळं लिहा." मग त्या पुन्हा कामाला लागल्या.

मुकादम रोज सकाळी आठला पाचही कोठ्यांचं तापमान बघून वहीत लिहीत असे. रविवार सोडून. अक्षर मोत्यासारखं. तिसऱ्या कोठीचा मागच्या महिन्याचा रकाना बाईंनी उतरवून घेतला. मंगळवार ते शनिवार सहासष्ट, सदुसष्ट, फार तर अडुसष्ट. सोमवारी मात्र एकाहत्तर. पुढच्या सोमवारी सत्तर. मग एकाहत्तर, एकाहत्तर. बाकीच्या चार कोठ्यांत सोमवार इतर दिवसांसारखाच. त्याआधीच्या महिन्यात तिसरीतही तसाच.

"अडुसष्टच्या वर का जात नाही?" त्यांनी मॅनेजरला विचारलं.

"हवेमुळे. हवा जंतूंना जगवते, पण जास्तीची ऊब बाहेरही नेते. त्याहून जास्त ऊब झाली तर खताला चांगली नाही."

"हे मला आणखी नीट कोण सांगेल?"

"जंतूबाई!" मॅनेजर म्हणाला. "मागच्या अंगाला त्यांची खोली आहे. एका संशोधन संस्थेच्या आहेत. आमच्या कचऱ्यातून त्यांना सोनं काढायचंय."

जंतूबाई हे नाव कामगारांनी ठेवलेलं. तिनंही ते हसत स्वीकारलं होतं. खोलीच्या दारावर तिनं स्वतःच खडूनं लिहिलं होतं: 'जंतूबाई. चपला बाहेर.' वय पस्तिशीचं, केस घट्ट बांधलेले, हातांना भाजल्याचे बारीक डाग. आज तिचे डोळे जावयाइतकेच सुजले होते.

"ते मला बाळ म्हणायचे," ती म्हणाली. "सगळ्यांत आधी त्यांनीच मला या ढिगात कुठे काय तापतं ते शिकवलं. मी पुस्तकातून आले होते."

"तुमचं काम काय असतं?"

कामाविषयी बोलताना तिचा आवाज सावरला. "कपडे धुवायच्या पावडरीत डाग खाणारं एन्झाइम असतं. आजार ओळखायच्या तपासणीत जनुकांच्या प्रती काढतात, तिथेही एक लागतं. उकळत्या पाण्याजवळ गेलं की साधी एन्झाइमं अंड्यासारखी थिजतात. ऊबप्रेमी जंतूंची थिजत नाहीत, कारण त्यांना तशाच गरमीत जगायचं असतं. म्हणून आम्ही असे जंतू शोधतो. गरम झऱ्यांत शोधतो आणि इथेही शोधतो. मला कागदाच्या कारखान्यासाठी हवाय. लगदा पांढरा करायला आज जहाल रसायनं ओततात, ती नदीत जातात. या जंतूचं एन्झाइम ते काम नुसत्या गरम पाण्यात करेल."

"सापडला?"

"सापडला." तिनं काचेच्या दाराची पेटी दाखवली. पेटीवर आकडा होता: अठ्ठ्याहत्तर. आत काचेचे पाच फ्लास्क, सगळ्यांत दुधाळ गढूळपणा. "गढूळ म्हणजे वाढतोय. हा फार हट्टी आहे. सत्तरच्या खाली नुसता झोपून राहतो, एकाचे दोन होत नाहीत. पंचाहत्तरच्या वर गेलं की अंगात वारं शिरल्यासारखा वाढतो."

बाईंनी वाकून फ्लास्कवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. प्रत्येकीवर 'कोठी ३, भरपूर' आणि तारीख. ४, ११, १८, २५, ३१. त्या दिवशी नव्या महिन्याची एक तारीख होती.

"नमुने कोण आणतं?"

"मुकादमच आणायचे. मला आत जाऊ देत नसत. सोमवारी सकाळी कोठी उघडली की थर्मासमध्ये भरून द्यायचे, गार होऊ नये म्हणून."

मागच्या फळीवर दोन थर्मास होते. एक लाल, एक निळा, बुडाशी चेपलेला.

"काल तुम्ही कुठे होता?"

"घरी. परवा कागद कंपनीची माणसं जंतू बघायला यायची होती, त्याची तयारी करत होते. आता कसली येतात." तिनं मान खाली घातली. "ते नाही म्हणाले तर महिनाअखेर संस्था हे काम बंद करणार आहे."

"तुमच्या खोलीला वेगळं दार आहे?"

"आहे. शेताच्या बाजूनं. किल्ली माझ्याकडे असते." थोडं थांबून ती म्हणाली, "पंखा चालू होता ना पण? सगळे म्हणतात चालू होता."

"हो," बाई म्हणाल्या. "पंखा चालू होता."

मंगळवारी बाई मुकादमाच्या घरी गेल्या. दोन खोल्या, धुतलेल्या गमबुटांची आणखी एक जोडी उंबऱ्याशी. मुकादमाची बायको भिंतीला टेकून बसली होती. मुलगी, म्हणजे वायरमनची बायको, तिच्या शेजारी.

"काकू, काल त्रास दिला नाही. आज दोन प्रश्न विचारते."

"विचारा."

"रविवारी ते का गेले?"

"म्हणाले, पोरीचं काम आहे."

"कोणत्या पोरीचं? ही?"

"नाही हो. त्यांना दोन पोरी होत्या. एक ही, एक ती जंतूंची." म्हातारीच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच विरलं. "म्हणाले, 'सोमवारपर्यंत त्यातला दम जातो म्हणते ती. आजच आणून ठेवतो, सकाळी बघून खूश होईल.'"

"जाताना बरोबर काय होतं?"

"थर्मास. निळा. नातीनं पायऱ्यांवरून टाकला होता तो, बुडाला चेपलाय." ती एकदम सावध झाली. "तो आला नाही परत. इस्पितळातून कपडे आले, घड्याळ आलं, चष्मा आला. थर्मास नाही आला. तुमच्याकडे आहे का?"

"आणून देते," बाई म्हणाल्या.

वाटेत त्या पहारेकऱ्याशी बोलल्या. निळा थर्मास त्यानंही पाहिला होता. मुकादम एक वीसला आला, 'दार उघडून ठेवलंय, आता तासभर थांबायचं' म्हणत सव्वादोनपर्यंत फाटकावर गप्पा मारत बसला, मग म्हणाला, "चला, पंखा चालू दिसतोय, काम उरकतो." नंतर पहारेकऱ्याला त्याची आठवणच राहिली नाही. सहाला त्याची पाळी बदलली. मुकादम मागच्या वाटेनं गेला असेल असं त्याला वाटलं. हे सांगतानाही तो टोपी हातात चुरगाळत होता.

मग डॉक्टर. "प्राणवायू संपलेल्या हवेत दोन श्वासांत शुद्ध जाते," डॉक्टर म्हणाले. "जड वायू खाली साठतो. उभा होता तोवर ठीक असेल. फावडं मारायला वाकला आणि संपला."

"लगेच मृत्यू?"

"शुद्ध लगेच जाते. जीव जायला पाच मिनिटं लागतील, किंवा दार उघडं असेल, थोडी हवा येत असेल, तर बराच वेळ. एरवी अंग किती गार झालं त्यावरून वेळ काढतो. इतक्या गरम जागेत ते गणितच चालत नाही."

बुधवारी सकाळी बाईंनी वायरमनला कोठ्यांच्या मागच्या भिंतीशी नेलं. प्रत्येक पंख्यापासून एक जाड पत्र्याची नळी कोठीखाली जात होती. नळीला लोखंडी मूठ.

"हे काय?"

"हवेची झडप. पण तिला कोणी हात लावत नाही. बसवल्यापासून उघडीच आहे. वर रंग मारलाय, त्यात चिकटलीय."

"फिरवून बघा."

पहिली हलेना. दुसरी हलेना. तिसरी एका बोटानं फिरली. मुठीभोवतीचा रंग गोल तुटला होता आणि खालचं लोखंड चकाकत होतं. तिथून जंतूबाईच्या खोलीची खिडकी चार पावलांवर होती.

वायरमननं झडप पूर्ण बंद केली. पंखा घुमतच राहिला. पॅनेलवर हिरवा दिवा तसाच. त्यानं मीटरकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हवा ढकलायची नाही म्हटल्यावर पंख्यावर भारच नाही. म्हणून युनिट कमी. आणि मी मूर्ख, बेअरिंगचं कौतुक करत बसलो."

दुपारी तीनला सगळे मॅनेजरच्या ऑफिसात बसले. मॅनेजर, लोडरवाला, वायरमन, जंतूबाई. मुकादमाची बायको लेकीचा हात धरून आली होती. बाईंनीच बोलावलं होतं. दारात पोलीस हवालदार होता.

"या खोलीत निर्दोष असं कोणी नाही," बाईंनी सुरुवात केली. "मॅनेजरनी मीटर खोक्यातच ठेवलं. मी त्याच्या फोटोवर सही केली. जावयांनी न येताच सह्या केल्या. हे सगळं अहवालात आहे. पण मुकादम ज्या हवेत मेले, ती हवा एका माणसानं बनवली. ती कोणी बनवली, ते सांगते.

"पंखा चालू होता, दिवा लागला होता. तरी ढीग आंबला. म्हणजे पंखा फिरत होता, पण हवा आत जात नव्हती. झडप बंद होती. हे एकदाच घडलं नाही. मागच्या महिन्यात दर सोमवारी तिसरी कोठी तीन-चार अंशांनी गरम होती. शनिवारी संध्याकाळी कोणीतरी झडप लावायचं. हवा बंद झाली की ऊब बाहेर जात नाही, आतला प्राणवायू संपेपर्यंत ढीग तापत जातो आणि ती ऊब तशीच कोंडून राहते. रविवारी दुपारी झडप उघडायची. सोमवारी सकाळपर्यंत ढीग बहुतेक निवलेला, दोन-तीन अंश तेवढे उरलेले. मुकादमांनी ते प्रामाणिकपणे लिहिले. का, ते त्यांना कळलं नाही.

"ढीग तापवून फायदा कोणाचा? खताला नाही. म्हणजे मॅनेजरचा नाही. वायरमनला पंखाच बंद करता आला असता, झडपेची गरज नव्हती. मग मला ते पाच फ्लास्क आठवले. सत्तरच्या खाली जो जंतू वाढतच नाही, तो अडुसष्टच्या वर न जाणाऱ्या ढिगात भरपूर कसा सापडतो? झोपलेले चार-दोन सापडतील. भरपूर सापडायला ढीग पंचाहत्तरच्या वर जायला हवा. तो नेला गेला."

जंतूबाई हलली नाही.

"अंदाजावर मी कोणाला दोषी धरणार नाही," बाई म्हणाल्या. "पण चिठ्ठ्यांवरच्या तारखा बघा. चार, अकरा, अठरा, पंचवीस. सगळे सोमवार. शेवटची एकतीस. ती रविवारची. मुकादम रविवारी नमुना घ्यायला आत गेले, बाहेर आलेच नाहीत. मग तो नमुना तुमच्या पेटीत कसा आला? आणि आत जाताना त्यांच्या हातात असलेला निळा थर्मास सोमवारी तुमच्या फळीवर कसा होता? सोमवारी सव्वाआठनंतर त्या कोठीत लोडरवाला आणि पोलीस सोडून कोणी गेलं नाही. थर्मास त्याआधी बाहेर आला. ज्यानं आणला, त्यानंच कडी लावली."



"मी त्यांना रविवारी या असं सांगितलं नव्हतं," जंतूबाई म्हणाली. आवाज इतका बारीक, की हवालदार पुढे वाकला. "मी नुसतं म्हणाले होते. सोमवारपर्यंत दम जातो, रविवारी दुपारी मिळाला असता तर... बोलता बोलता म्हणाले होते."

"झडपेचं त्यांना माहीत होतं?"

"विचारलं होतं मी, एकदा ढीग तापवू का म्हणून. ते म्हणाले, 'बाळ, हवेशी खेळायचं नाही.' म्हणून सांगितलं नाही. रविवारी कोणी आत जातच नाही, मला वाटलं..." ती थांबली. "मी तीनला आले. झडप उघडायला. कोठीचं दार उघडं दिसलं. आत ते पडलेले."

"मग काय केलंत?"

"आधी झडप उघडली."

वायरमन उठला. बायकोनं त्याला हात धरून खाली बसवलं.

"मग दारात थांबले. आतली थोडी हवा जाऊ दिली. मग श्वास रोखून धावत गेले. थर्मास त्यांच्या हाताशी होता. तो उचलला. तो दिसला असता तर ते माझ्यासाठी आले होते हे कळलं असतं. बाहेर आले. दार लावलं."

"का?"

"मला दिसू नये म्हणून."

"आणि त्यातला माल फ्लास्कमध्ये घातलात."

"फेकवेना. त्यांनी आणला होता." तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. "हातांनीच केलं सगळं. चिठ्ठीही हातांनीच लावली. दुसऱ्या दिवशी इतका छान गढूळ झाला होता तो. कधीच इतका आला नव्हता."

बाईंनी कागद पुढे केला. तिनं जबाब वाचलाही नाही, सही केली. हवालदार पुढे आला.

तेव्हा मुकादमाची बायको पहिल्यांदा बोलली. "थांबा हो जरा."

ती उठून जंतूबाईसमोर उभी राहिली. उंचीनं तिच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"बाळ, एक विचारू?"

जंतूबाईनं मान हलवली.

"तू आत गेलीस तेव्हा त्यांना हाक मारलीस का?"

जंतूबाईचे ओठ हलले.

"नाही."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. डोळ्यांत राग नव्हता. काहीतरी जुळवून बघत असावी, अडीच आणि तीन यांच्यामधला अर्धा तास.

"झोप हलकी होती त्यांची," ती म्हणाली. "एका हाकेत उठायचे."

आणि लेकीचा आधार न घेता ती दाराकडे चालू लागली.